कॉलेज सांभाळून समाजासाठी खरंच काही करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: एस.वाय.ला आहे, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर झालं, श्रमदान झालं, निघताना गाववाल्यांच्या आणि आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. परत आल्यावर मात्र सगळं थंडावलं. परीक्षा सांभाळून काय करता येईल, आणि त्यातून मी घडेन का?

नक्की करता येईल. माझं ठाम मत आहे की एकच वस्ती, एकच काम, आठवड्यातून दोन दिवस आणि निदान एक वर्ष. सगळ्यात हाताशी असलेलं काम म्हणजे तिसरी ते पाचवीच्या मुलांचा वाचनवर्ग, म्हणून त्याचंच सविस्तर सांगतो. एनएसएसचा वर्षाचा हिशेब १२० तासांचा असतो. दीड तासाचे दोन वर्ग म्हणजे आठवड्याला तीन तास. चाळीस आठवड्यांत १२० तास भरतात. कॉलेजातल्या एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच अर्ज देऊन हा नियमित उपक्रम म्हणून मंजूर होतो का ते पाहा.

वस्ती चालत पंधरा-वीस मिनिटांवरची निवडा. दोन बस बदलून जायची वस्ती पहिल्या पावसातच सुटते. पहिले दोन आठवडे शिकवूच नका. अंगणवाडी सेविकेला भेटा. कुठल्या घरात किती मुलं, कोण शाळेत जात नाही, हे तिला बहुधा तोंडपाठ असतं. समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते हेही तिलाच विचारा. मग घरोघरी जाऊन आयांशी बोला आणि नळाला पाणी कधी येतं ते नक्की विचारा. वर्ग साडेपाचला आणि पाणी सहाला असेल तर दहा-अकरा वर्षांच्या मुली मध्येच उठून कळशी घेऊन पळतात, आणि हळूहळू यायच्याच बंद होतात. मुलींना गोडी नाही असं आपण ठरवून टाकतो. खरी चूक आपण निवडलेल्या वेळेची असते.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाची एकेकट्याने चाचणी घ्या. मुलासमोर बसू नका, शेजारी बसा. ग्रामीण मुलांना किती वाचता येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत वापरतात तीच पद्धत चांगली आहे: आधी पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद द्या. तीनपेक्षा जास्त चुका न करता, एकेक शब्द अडखळत न वाचता वाक्य म्हणून वाचला, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्या. नाही जमलं तर पाच सोपे शब्द. त्यांतले चार बरोबर आले तर मूल शब्दाच्या पातळीवर आहे. तेही नाही जमलं तर पाच अक्षरं. मजकूर मुलाने आधी न पाहिलेला हवा. कारण खूप मुलं शाळेच्या पुस्तकातला धडा खडाखड ‘वाचतात’, आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं की गप्प होतात. धडा पाठ असतो, अक्षरं ओळखू येत नसतात.

गट इयत्तेप्रमाणे नको, पातळीप्रमाणे करा. पाचवीतला मुलगा अक्षरांच्या गटात आला तर त्याला लहानांचा ‘दादा’ म्हणून तक्ता धरायला द्या, त्याची लाज राखली जाते. वीस मुलांना दोघं पुरे, पण प्रत्येक वर्गाला दोघं हजर राहायची तर गट पाच जणांचा हवा. सामान थोडंच लागतं: बाराखडीचा मोठा तक्ता, खडू, पाट्या, मोठ्या टायपाची दहा-बारा पातळ पुस्तकं आणि एक हजेरीवही. ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात. सुरुवातीला तुम्ही गोष्ट मोठ्याने वाचा, मग तक्त्याचं वाचन, शब्द बनवणं, शेवटी दोन ओळी लिहिणं. मूल ‘पा… टी…’ करत थांबलं तर लगेच शब्द पुरवू नका. मनात दहापर्यंत मोजा.

खाऊ आणि वह्यावाटपाने सुरुवात करू नका. गर्दी जमते आणि वाटप थांबलं की पांगते. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका. एकट्याने एकट्या मुलाला घेऊन बसायचं नाही, दार उघडं ठेवायचं. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

शाळाबाह्य मूल सापडलं की काम वर्गाबाहेर जातं, आणि मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देतो. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून लांबवताही येत नाही. मुख्याध्यापकांकडे आईला घेऊन जा. बोलायचं तिने, तुम्ही बाजूला बसायचं आणि अडलं तिथेच कलम दाखवायचं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढे हीच आई तिथे बसू शकते.

घडण्याबद्दल विचारलंत. दर शनिवारी वहीत चार ओळी लिहा: कोण का आलं नाही, माझा कुठला अंदाज चुकला, कुठे मी घाईने बोललो. तीन महिन्यांनी मागची पानं वाचा. पहिल्या पानांवर ‘पालकांना काळजीच नाही’ अशी वाक्यं असतील. पुढच्या पानांवर त्यांच्या जागी कामाच्या पाळ्या, आजारपण, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिसू लागेल.

सेमिस्टरच्या तारखा लागल्या की सुट्टीचे आठवडे मुलांना आधीच सांगून टाका. न सांगता चुकलेले दोन वर्ग हजेरी निम्म्यावर आणतात. आणि टी.वाय.च्या जानेवारीतच एफ.वाय.चे दोघं सोबत घ्या, वस्तीतली नववी-दहावीची एक ताईही. महिनाभर त्यांना शिकवू द्या, तुम्ही मागे बसा. हजेरीवहीच्या शेवटच्या पानावर किल्ली कोणाकडे, पाणी किती वाजता, कोणाच्या आईला कधी भेटायचं, हे सगळं लिहून वही त्यांच्या हातात द्या.