'साहसी दान जाळे' का नको?

स्थानिक सेवाभावी संस्थांना बळ देणाऱ्या 'व्हेंचर फिलान्थ्रॉपी नेटवर्क'साठी 'साहसी दान जाळे' हा प्रतिशब्द चालेल का, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते तो चालणार नाही. अडचण तिन्ही शब्दांत आहे, पण सर्वांत मोठी 'दान' या शब्दात आहे.

दान उदक सोडून द्यायचे असते; पाणी सोडले की देणाऱ्याचा त्या वस्तूवरचा हक्क संपतो. एखाद्या गोष्टीवर 'पाणी सोडणे' म्हणजे तिची आशा सोडणे, हा वाक्प्रचारही त्याच विधीची आठवण देतो. व्हेंचर फिलान्थ्रॉपीतला दाता मात्र नेमके पाणीच सोडत नाही. तो काही वर्षे संस्थेसोबत राहतो, हिशेब, नियोजन आणि मनुष्यबळ यांत सल्ला देतो, ठरलेले सामाजिक परिणाम साधले का ते तपासतो आणि प्रसंगी विश्वस्त मंडळावरही बसतो. म्हणून कृतीऐवजी वृत्ती सांगणारा 'दातृत्व' हा शब्द मला अधिक सैल आणि म्हणूनच सोयीचा वाटतो.

'साहस' अगदीच निराधार नाही. 1969 मध्ये अमेरिकी दानशूर तिसऱ्या जॉन डी. रॉकफेलर यांनी 'व्हेंचर फिलान्थ्रॉपी' ही संज्ञा वापरली, ती लोकप्रिय नसलेल्या सामाजिक कामांना धाडसाने पैसा पुरवण्याच्या अर्थाने. पुढे 1997 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'तील एका लेखाने धर्मादाय निधींनी व्हेंचर कॅपिटलवाल्यांकडून, म्हणजे नव्या, जोखमीच्या उद्योगांत भांडवल गुंतवणाऱ्यांकडून, काय शिकावे हे मांडले, आणि आज रूढ आहे तो हा दुसरा, गुंतवणुकीचा अर्थ. (धर्मशास्त्रात 'साहस' म्हणजे बळजबरीचा गुन्हा, मराठीत 'भलते साहस' म्हणताना त्याची छटा अजून जाणवते.) त्यामुळे 'गुंतवणूकधर्मी दातृत्व' असे म्हणावे. 'गुंतवणूक' शब्दात पैसा गुंततो आणि माणूसही गुंततो. फक्त परतावा समाजाच्या पदरात पडायचा आहे, हे पहिल्या उल्लेखात स्पष्ट करावे.

'जाळे' म्हटले की अडकणे आले. शिवाय 'नेटवर्क' दोन प्रकारचे असते. 1997 मध्येच सिॲटलला सुरू झालेल्या 'सोशल व्हेंचर पार्टनर्स'मध्ये सभासद स्वतः वर्गणी एकत्र करतात आणि आपले कौशल्यही संस्थांना देतात. त्याला 'दातृमंडळ' म्हणता येईल. सिंगापूरहून चालणारे 'एव्हीपीएन' (मूळ नाव 'एशियन व्हेंचर फिलान्थ्रॉपी नेटवर्क') मात्र आशियातील निधी देणाऱ्या संस्थांना एकमेकींशी जोडते, तिथे 'संघ' हा शब्द योग्य ठरेल.