आठ नंबरची जर्सी घालण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रग्बी लीग अकादमीचा करार आल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. आजीने हट्टाने तुला मराठी वाचायला शिकवलं, म्हणून हे मराठीतच लिहितोय.

तू प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला दणकट खेळाडू होणार; 8 किंवा 10 नंबर. रग्बीच्या दुसऱ्या प्रकारात, युनियनमध्ये, प्रॉपची परीक्षा स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही फळ्यांच्या रेटारेटीत होते. आपल्या लीगमध्ये स्क्रमला रेटा जवळजवळ उरलेलाच नाही. इथे आपल्याच गोललाइनपाशी बॉल घ्यायचा आणि धावत येणाऱ्या तिघांच्या अंगावर सरळ जायचं. टॅकल म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडणं; संघाला बॉल मिळाल्यावर अशी सहा टॅकल असतात, त्यांपैकी पहिली एक-दोन बहुधा तुमच्याच वाट्याला येतात. टाळ्या कडेने पळणाऱ्या विंगरला पडतात. त्याला धावायला जागा झालेली असते ती तुमच्यामुळे.

मी यॉर्कशायरमध्ये 22 वर्षं टचलाइनवर फिजिओ म्हणून काढली. चांगला प्रॉप मी त्याच्या धडकेवरून ओळखत नाही, तो पडल्यावर काय करतो ते बघतो. पोटावर पडला, कोपर-गुडघे रोवले, झटकन उठून बॉल पायाने मागे सारला, की समोरची फळी नियमाप्रमाणे दहा मीटर मागे पोचलेली नसते आणि तो बॉल उचलणाऱ्या हूकरला वाट मोकळी मिळते. हे विसाव्या मिनिटाला जमणं आणि सत्तराव्या मिनिटाला जमणं यांत फार फरक आहे. प्रॉप बहुतेकदा वीस-पंचवीस मिनिटं खेळून बाहेर येतो, अंग थंड होतं, मग पुन्हा आत जायचं असतं. सराव त्या दुसऱ्या खेपेसाठी कर.

टॅकल खाली ठेव. एड्रियन मॉर्ली केवढा मोठा प्रॉप! 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनी रूस्टर्स क्लबबरोबर विजेतेपद मिळवलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या विगनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध टॅकल करताना त्याचा हात वर, डोक्याशी गेला आणि सामन्याच्या 12 सेकंदांत पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. ग्रेट ब्रिटन तो सामना चार गुणांनी हरलं.

क्लबने दोन वर्षांनी सोडलं तर खचू नकोस. प्रॉप उशिरा पिकतो. अॅलेक्स वॉम्सली हौशी संघातून बॅटली क्लबात आला, 2013 मध्ये सेंट हेलन्स या मोठ्या क्लबात गेला आणि पुढे इंग्लंडकडून खेळला. पण कॉलेज सोडू नकोस, हे मात्र मी बजावून सांगतो. हा खेळ 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात युनियनपासून वेगळा झाला तो पोटाच्या प्रश्नावरून: खाणीतल्या आणि गिरणीतल्या खेळाडूंना बुडालेल्या रोजाची भरपाई हवी होती. आजही दुसऱ्या पातळीवरची कितीतरी पोरं दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात. एक गुडघा गेला की करार संपतो.

आता जे आजवर तुझ्या बाबांनाही सांगितलं नाही ते. एका क्लबात असताना एक तरुण प्रॉप टॅकलनंतर क्षणभर चुकीच्या बाजूला चालत गेला. मी विचारलं, "बरा आहेस ना?" तो हो म्हणाला आणि मी त्याला आत राहू दिलं. ड्रेसिंगरूममध्ये त्याने मला स्कोअर तीनदा विचारला. तो पुढे बरा झाला, पण त्या दिवशी मी चुकलो. तेव्हापासून खेळाडूच्या "हो"वर मी विश्वास ठेवत नाही. जेम्स ग्रॅहमसारखा दणकट प्रॉप आता मेंदूच्या इजेबद्दल जाहीरपणे बोलतो, ते ऐक. डोकं जड वाटलं, प्रकाश खुपला, नाव आठवायला वेळ लागला, तर त्याच क्षणी डॉक्टरला सांग. उपांत्य सामना असला तरी. संघातली जागा जाईल या भीतीने पोरं गप्प बसतात. तू बसू नकोस.

मंगळवारी सरावानंतर घरी ये. मानेचे व्यायाम दाखवतो. बाबांनाही आण, तालमीत मान कशी कमावायचे ते त्यांच्या अजून लक्षात असेल.

तुझा,
काका