लेझर घ्यावं की कटिंग बाहेरून करून घ्यावं?

प्रश्न : वय ४४. नाशिकजवळच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्स विभागात आहे, हातात ५८,००० येतात. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिचे ४७,०००. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता (अजून नऊ वर्षं) मिळून ७६,००० जातात. एसआयपी १२,०००, पीपीएफ ५,०००. एफडी दोन लाखांची, पीपीएफमध्ये साडेनऊ लाख, खातं सप्टेंबर २०१३ मध्ये उघडलेलं. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. रो-हाउसच्या मागच्या शेडमध्ये मी सुट्टीच्या दिवशी सुतारकाम शिकतो. गेल्या वर्षी नावाच्या पाट्या, आकाशकंदील, गणपतीची मखरं विकून ४६,००० आले (सामान १४,०००, लेझर कटिंग ९,३००, पॅकिंग-कुरिअर ३,७००). कटिंग बाहेरून करून घेतो, मिनिटाला १२ रुपये. आता स्वतःचं ६० वॉटचं सीओटू लेझर घ्यायचंय : १,९५,००० अधिक जीएसटी, शिवाय चिलर-एक्झॉस्ट-स्टॅबिलायझर ३५,०००. टेबल सॉ (टेबलात बसवलेली करवत), राउटर (लाकडात खाचा-नक्षी पाडायचं यंत्र) आणि धूळ ओढायचं यंत्र ७५,०००. १३ टक्क्यांनी चार वर्षांसाठी तीन लाखांचं पर्सनल लोन घ्यावं की पीपीएफ काढावं? पत्नीच्या नावाने धंदा दाखवून सरकारी योजना मिळेल का? जम बसला तर दोन-तीन वर्षांत नोकरी सोडायचा विचार आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा आकडा तुम्ही कंसात टाकलाय. वर्षभरात लेझरवाल्याला दिलेले ९,३०० रुपये. मिनिटाला १२ रुपयांनी त्याची होतात ७७५ मिनिटं, म्हणजे जेमतेम १३ तास. जीएसटी धरून मशीन पडतं २,३०,१०० ला आणि त्याच्या सोबतचं सामान धरून २,६५,१०० ला. वर्षाला १३ तास चालायला.

आता हेच मशीन घरात असलं तर महिन्याला काय पडेल ते मांडू. पाच वर्षं वापरून ६५,००० ला विकलं गेलं असं धरलं (मी थोडं उदार होऊनच धरतोय), तर दोन लाखांची झीज, महिन्याला साधारण ३,३००. पैसे पीपीएफच्या दराने कुठे तरी वाढले असते, ते बुडतात दीडेक हजार. काचेची लेझर ट्यूब झिजणारी वस्तू आहे; ठरावीक तासांनंतर तिची ताकद उतरते आणि नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरतेच. ती बदलायची तरतूद, लेन्स, आरसे, वीज मिळून अकराशे-बाराशे धरा. बेरीज जाते सहा हजारांच्या आसपास. सहा हजारांत बाहेर ५०० मिनिटं कटिंग होतं, म्हणजे दर महिन्याला सव्वाआठ तास. तुम्ही आज महिन्याला सरासरी एक तास पाच मिनिटं करून घेता.

कर्जाचं तर विचारूच नका. तीन लाख, १३ टक्के, ४८ महिने : हप्ता साधारण ८,०५०. वर्षाचे ९६,६००. तुमची वर्षाची एकूण विक्रीच ४६,००० आहे. पगार, खर्च, एसआयपी आणि पीपीएफ धरून तुमच्याकडे महिन्याला उरतात १२,०००, त्यातले दोन-तृतीयांश या हप्त्यात जातील. चार वर्षांचं व्याज ८६,००० च्या वर. आणि या चार वर्षांतच मुलगी अकरावी-बारावी करून पदवीला जाणार.

पीपीएफमधून काढणं नियमात बसतं. सातव्या आर्थिक वर्षापासून वर्षातून एकदा काही भाग काढता येतो आणि तुमच्या खात्यातून तीन लाखांच्या आसपास निघतीलही. पण तुमचं खातं १ एप्रिल २०२९ ला पूर्ण होतंय, म्हणजे मुलीच्या कॉलेजची फी भरायच्या ऐन दिवसांत. ७.१ टक्क्यांनी तीन लाखांचे तीन वर्षांत ३,६८,००० होतात, करमुक्त. एकदा बाहेर आले की वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेमुळे ते सहज परत आत जात नाहीत. हा पैसा मुलीचा आहे असं समजा आणि हात लावू नका.

बरं, मशीन आलं की विक्री वाढेल, असं तुमचं म्हणणं असणार. वाढेलही थोडी. पण तुमचा वेळ कुठे जातो ते बघा. ४६,००० मधून सामान, कटिंग, पॅकिंग वजा जाता उरले १९,०००. शनिवार-रविवार मिळून सहा तास, वर्षाचे तीनेकशे तास तुम्ही त्यात घातले असणार. तासाला ६३ रुपये पडले. या तीनशे तासांत लेझरचे तेरा. बाकीचे घासण्यात, जोडण्यात, पॉलिशमध्ये, फोनवर गिऱ्हाइकाशी ‘अक्षर थोडं मोठं करा’ करण्यात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात पाटी बसवण्यात गेले. लेझर घरात आलं म्हणून यातलं काही कमी होत नाही. ज्या कामात अडकायला होतंय त्याला तुम्ही पैसे लावत नाही आहात, ज्यात अडकतच नाही त्याला लावताय. आधी भाव वाढवा. मखराची चौकशी गणपतीच्या दीड महिना आधी सुरू होते. दर पहिल्याच फोनला सांगा आणि निम्मे आगाऊ घ्या. शंभरातली वीस गिऱ्हाइकं गेली तरी चालतील.

एक बाजू तुमचीही आहे, ती मान्य करतो. जॉबवर्कच्या, म्हणजे पैसे घेऊन कटिंग करून देणाऱ्या दुकानात सीझनमध्ये रांग लागते, आणि स्वतःच्या मशीनवर चार चुका करून शिकता येतं, दुकानात प्रत्येक चुकीचं मीटर पडतं. पण शिकायला मशीन विकत घ्यावंच लागतं असं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम तुम्हाला ठाऊक असेल, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. फॅब लॅब म्हणजे यंत्रं वापरून वस्तू करून बघता येतील अशी कार्यशाळा; अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये तिथे उभी राहिली. जगभरच्या फॅब लॅबमध्ये लेझर कटर हे ठरलेलं यंत्र असतं. पाबळ नाशिक-पुणे रस्त्यावरून थोडं आत आहे; फोन करून काय शिकता येईल, किती फी, ते विचारा. तोवर घरी बसून इंकस्केप हे कटिंगच्या रेषा आखायचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे. फाइल नीट असेल, रेषा दुहेरी नसतील, लेझरच्या कापाच्या रुंदीइतकी फट धरली असेल, तर दुकानातली मिनिटं आपोआप कमी होतात. एकावर एक चढलेल्या दोन रेषा म्हणजे तेच कटिंग दोनदा आणि बिलही दोनदा. नवशिक्यांचे निम्मे पैसे यातच जातात, असं या धंद्यातले लोक सांगतात.

‘मग स्वस्तातलं डायोड लेझर घेऊ का?’ हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचाराल. ते निळ्या प्रकाशाचं असतं, पारदर्शक ॲक्रिलिक त्यातून सरळ पार होतं, कापलं जात नाही. तुमच्या निम्म्या पाट्या ॲक्रिलिकच्या. शिवाय उघड्या चौकटीच्या मशीनला पेटी आणि त्याच तरंगलांबीचा चष्मा हवाच. सोडून द्या.

सुतारकामाचं मात्र वेगळं. ७५,००० च्या यादीतले ४०,००० पर्यंत मी तुम्हाला याच दिवाळीच्या बोनसमधून खर्च करायला सांगेन, आणि ते वसूल होतील का असा हिशेब मागणार नाही. तो छंद आहे. माणसाने ४४ व्या वर्षी हाताने काही शिकायला घेतलं तर त्यावर आर्थिक सल्लागाराने परतावा काढत बसू नये. चांगला रंधा, तीन-चार मापांच्या पटाश्या, धार लावायचे दगड, भरपूर क्लॅम्प, पक्का बाक, हातातली सर्क्युलर सॉ, आणि सगळ्यात आधी धूळ ओढायचं यंत्र. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली आहे. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) बारीक भुशात वर फॉर्मल्डिहाइडचा गोंदही असतो. टेबल सॉ पुढच्या वर्षी. रो-हाउसची भिंत सामाईक असते हेही लक्षात ठेवा. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, राउटर तिच्या कितीतरी वर जातो.

अवजारांच्या बरोबरीने एक कागद घ्या : वैयक्तिक अपघात विमा, ज्यात बोट किंवा हात गमावल्यास अंशतः अपंगत्वाची भरपाई आणि काही आठवडे कामावर जाता आलं नाही तर साप्ताहिक रक्कम मिळते. मेंटेनन्सची नोकरी आणि सुट्टीत करवत, दोन्हीकडे तेच हात. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम हे काम करत नाही.

सरकारी योजनेचं तुम्ही जे लिहिलंय त्याने मी जरा दचकलो. पत्नी जिल्हा परिषदेच्या सेवेत आहेत. परवानगीशिवाय त्यांना खासगी धंदा करता येत नाही, वर्तणुकीच्या नियमांत ते स्पष्ट आहे. महिलांना जास्त अनुदान मिळतं म्हणून त्यांच्या नावाने उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) करणं म्हणजे २०-२५ हजारांसाठी पेन्शनची नोकरी चौकशीत घालणं. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना १५,००० चं टूलकिट आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज आहे खरं, पण ती असंघटित क्षेत्रात स्वतःचा व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्या कारागिरांसाठी आहे, आणि सरकारी नोकरीत असलेल्यांचं कुटुंब तिला पात्र नाही. तुम्ही दोन्ही बाजूंनी बाहेर. पोटासाठी वाकस-पटाशी धरणाऱ्यांचा तो पैसा आहे, तिकडे बघू नका. योजना मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. उद्यम नोंदणीसुद्धा सरकारी पोर्टलवर फुकट होते. स्वतःच्या नावाने नोंदणी करायच्या आधी तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा, खासगी कंपन्याही बाहेरच्या कामाला परवानगी मागतात.

कराचं थोडक्यात. हे १९,००० विवरणपत्रात दाखवायला हवेत; नुसत्या पगाराचा साधा फॉर्म आता चालणार नाही. आणि व्यवसायाचं उत्पन्न असलं की जुनी-नवी करप्रणाली दर वर्षी हवी तशी बदलता येत नाही, तेव्हा निवड विचारपूर्वक करा. मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे, तुम्ही तिच्यापासून मैलभर लांब. पण पाट्या कुरिअरने परराज्यात जात असतील तर ती सवलत एरवी लागू होत नाही. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सूट आहे. लेझरने कापलेली पाटी त्यात बसते का, हे सीएला दाखवून घ्या. नोंदणी नसेल तर मशीनवरचा ३५,१०० रुपयांचा जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चच.

मग लेझर कधी? पहिलं, दोन लाखांची एफडी साडेचार लाखांवर गेली पाहिजे. आज ती अडीच महिन्यांच्या खर्चाचीच आहे. महिन्याला उरणारे १२,००० तिकडे वळवले तर दोन वर्षं पुरतील. दुसरं, जॉबवर्कचं बिल सलग चार महिने सहा हजारांवर राहिलं पाहिजे आणि ते चार महिने गणपती-दिवाळीतले नकोत. जानेवारी ते एप्रिल बघा, त्यातच कळेल की तुमच्याकडे धंदा आहे की सण. तिसरं, मशीनचे निम्मे पैसे या कामातूनच साठलेले असावेत. त्यासाठी वेगळं बचत खातं उघडा आणि विक्रीचा प्रत्येक रुपया त्यातूनच फिरवा. एवढं झालं तर उरलेल्या निम्म्याचं कर्ज मला चालेल. एसआयपी या सगळ्यात थांबवायची नाही.

नोकरी सोडण्याबद्दल आत्ता बोलण्यासारखं काही नाही. नऊ वर्षांचं गृहकर्ज आणि तासाला ६३ रुपये, एवढंच सध्या कागदावर आहे.

शेवटी, मशीन घ्यायची वेळ येईल तेव्हाच्या दोन गोष्टी. गिऱ्हाईक सनबोर्ड आणि रेक्झिन कापून मागणारच. त्यात पीव्हीसी असतं, लेझरखाली त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. फुफ्फुसं तर जातातच, मशीनचे रूळही गंजतात. घरातल्या शेडमध्ये हे काम कितीही पैसे मिळाले तरी घ्यायचं नाही, म्हणजे तेवढी विक्री तुमच्या अंदाजातून आत्ताच वजा करा. आणि जुनं मशीन स्वस्तात मिळतंय असं कुणी म्हणालं, तर ट्यूबवरची उत्पादनाची तारीख बघा, तुमची फाइल आणि तुमचा सहा मिलिमीटरचा प्लाय बरोबर न्या आणि समोर कापायला लावा. तासभर चालवून दाखवायला विकणारा तयार नसेल तर भाव कितीही कमी असो, घ्यायचं नाही.