पैसे मागायला जीभ रेटत नाही

"काम येतं, लोक विचारतातही, पण पैसे मागायला जीभ रेटत नाही." नोकरी सांभाळून आपल्या कौशल्यावर चार पैसे जास्त मिळवू पाहणाऱ्यांकडून सांगलीत मी हे नेहमी ऐकते. त्यातल्याच एका कृषी पदवीधराची ही हकिकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पस्तिशीचं. ठिबक आणि विद्राव्य खतं विकणाऱ्या कंपनीत नोकरी. मिरज आणि तासगाव हे दोन तालुके त्यांच्याकडे. द्राक्षबागेतली नजर मात्र पक्की. माझ्यासमोर बसले असतानाच मोबाईलवर पानाचा फोटो आला, वरून तेलकट पिवळा डाग. "पान उलटं करा, खालून पांढरी बुरशी दिसतेय का?" एवढंच त्यांनी विचारलं. दिसत होती. म्हणजे दावण्या, द्राक्षावरचा बुरशीचा रोग. कोणतं औषध, किती पाण्यात, हे दोन मिनिटांत सांगून झालं.

"याचे काही घेत नाही तुम्ही?"

"मामांच्या गावचे आहेत, मॅडम. काय मागायचं त्यांच्याकडं?"

फळछाटणीनंतर पाऊस लागला की पहाटेपासून फोन सुरू. पेट्रोल घरचं, रविवारही घरचाच. बायको चिडायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं. याच पट्ट्यात खासगी सल्लागार एकरी फी घेतात आणि बागायतदार ती देतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग घोडं अडलं कुठे?

"समजा पैसे घेतले आणि बाग गेली, तर?" मी विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फुकट सांगितलेलं चुकलं तर 'मी आपलं सुचवलं' म्हणता येतं. एकरी पैसे घेतले की त्याचं वर्ष माझ्या डोक्यावर."

लाज वरवरची होती, खाली भीती होती जबाबदारीची. अशा माणसाला 'आत्मविश्वास वाढवा' सांगून काही होत नाही. भीती रास्तच होती. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आणून दिली: फुकटचा सल्ला चुकला तरी बाग तेवढीच जाते.

मग आपण नेमकं काय विकतो ते त्यांनी कागदावर उतरवलं. हंगामातल्या ठरलेल्या फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर लेखी वेळापत्रक, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे तेही त्यात. युरोपला जाणाऱ्या मालात औषधाचा अंश मर्यादेत लागतो, त्यामुळे असा कागद बागायतदारालाही हवाच असतो. उत्पन्नाची, पावसाची, दराची हमी नाही, हेही त्याच कागदावर. माल विकल्यावर टक्क्यानं फी घ्यायची त्यांची कल्पना मी खोडली. व्यापारी पैसे बुडवून पसार झाल्याच्या गोष्टी तासगावकरांना नव्या नाहीत; बागायतदाराचे बुडाले की यांचेही बुडणार. अर्धी फी छाटणीला, अर्धी मणी सेटिंग झाल्यावर, म्हणजे घडात मणी धरल्यावर, असं ठरलं.

कंपनीला मात्र काही कळू द्यायचं नाही, असा त्यांचा बेत होता. मी नेमणूकपत्र आणायला लावलं. परवानगीशिवाय दुसरं काम नाही, असं त्यात स्पष्ट होतं. (सरकारी नोकरांसाठी तर महाराष्ट्राचे १९७९ चे वर्तणूक नियमच आहेत.) कुणाच्या बागेत कुणाची गाडी उभी होती, हे आपल्याकडे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचतं. त्यांनी लेखी अर्ज केला. परवानगी मिळाली, पण स्वतःच्या दोन तालुक्यांत आणि कंपनीच्या ग्राहकांकडून फी घ्यायची नाही या अटीवर. म्हणजे ज्यांच्याकडे मागायला जीभ रेटत नव्हती, ते सगळे आपोआप यादीतून गेले!

उरले कवठेमहांकाळ आणि जत. तिथल्या अनोळखी बागायतदाराला दर सांगताना अडखळायला झालं नाही. पहिल्या हंगामात तीन बागा मिळाल्या. एकाचा दुसरा हप्ता अजून यायचाय. मामांच्या गावचे फोन ते आजही फुकटच घेतात, फक्त रात्री आठनंतर.

शेतीचा सल्ला म्हणजे शेतीचंच उत्पन्न, त्यावर कर नाही, असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. तसं नाही. ही व्यावसायिक फी आहे आणि पगारासोबत विवरणपत्रात दाखवावीच लागते. पुढच्या हिशोबासाठी मी त्यांना एका सीएकडे पाठवलं. सीएनी पहिल्याच भेटीत आपली फी सांगितली, आणि यांनी ती न कुरकुरता दिली.