चीनला शिकवायला निघालेली लेक आणि टुरिस्ट व्हिसा

प्रश्न: ताई, आमची लेक इथेच न्यू जर्सीत युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवडे चीनमधल्या एका शाळेत इंग्लिश शिकवायला जायचं म्हणते. पगार नाही, राहणं-जेवण शाळेकडे. तिला पाठवणाऱ्या संस्थेची फी मात्र आपण भरायची. आम्ही अमेरिकन नागरिक आहोत, आणि मागे फिरायला गेलो तेव्हा काढलेला दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा तिच्याकडे आहे. संस्था म्हणते, तोच चालतो. तिचे बाबा "चीन सोडून कुठेही जा" म्हणून अडून बसलेत. सासूबाई नाशिकहून डॉ. कोटणीसांचे दाखले देतात. मी कोणाची बाजू घेऊ?

उत्तर: सध्या कोणाचीच नको. घरात वाद चाललाय चीनवर, आणि खरा घोळ आहे व्हिसात.

टुरिस्ट व्हिसावर, म्हणजे त्यांच्या 'एल' व्हिसावर, शाळेत शिकवता येत नाही. "पगारच नाही, मग काम कसलं?" हा युक्तिवाद संस्थेच्या ऑफिसात ठीक आहे, तिथल्या पोलिसांपुढे त्यावर विसंबू नका. बिनपगारी स्वयंसेवेसाठी ९० दिवसांपर्यंतचा 'एफ' व्हिसा असतो आणि त्यासाठी चीनमधल्या यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र लागतं. पगार आला की 'झेड' व्हिसा आणि वर्क परमिट. त्याला पदवी लागते, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला तो रस्ता बंदच. शाळा "थोडा पॉकेटमनी" देणार असेल तर तोही नको म्हणायचं, कारण हातात पैसे पडले की स्वयंसेवा म्हणणं अवघड होतं. १ जुलै २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यात बेकायदा काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी. तो भोगायचा तिने, संस्थेचा माणूस तेव्हा फोन उचलेल याची खात्री कोण देणार?

आता दुसरी शंका. जुलैच्या पूर्वार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत चीनमधल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. मग ही 'शाळा' नेमकी कोणती? शाळेनेच भरवलेला समर कॅम्प असेल, युनिव्हर्सिटीचा आणि त्या शाळेचा करार असेल, तर छान. पण जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने पहिली ते नववीच्या मुलांसाठी शालेय विषयांचे नफ्यावर चालणारे क्लासेस शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांमध्ये बंद केले, आणि त्या विषयांत इंग्लिशही येतं. अशा क्लासवाल्यांना 'सांस्कृतिक शिबिर' अशी पाटी लावून फुकटची परदेशी शिक्षिका मिळाली तर हवीच असते. शाळेचं पूर्ण नाव, गाव, जबाबदार शिक्षकाचा नंबर आणि रोजचं वेळापत्रक लेखी मागा. मागच्या वर्षी गेलेल्या दोघा-तिघांशी लेकीला बोलू द्या. तुम्ही नका बोलू. आईसमोर मुलं खरं सांगत नाहीत.

सासूबाईंचा दाखला मात्र मला आवडला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, आणि शिजियाझुआंगमध्ये त्यांचं स्मारक आहे. पण ते डॉक्टर होऊन गेले होते. तुमची लेक काय घेऊन जातेय? अमेरिकेत वाढली म्हणजे इंग्लिश बोलता येतं, शिकवता येतंच असं नाही. तिथल्या मुलांना साधारण तिसरीपासून इंग्लिश असतं आणि 'गाओकाओ' या कॉलेज प्रवेशपरीक्षेत बहुतेक प्रांतांत ७५० पैकी १५० गुण इंग्लिशचे. "हाउ आर यू?" म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात "आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?" म्हणतो, आणि पुढे शांतता. एखादा चष्मेवाला मुलगा मात्र उठून विचारेल, इथे 'हॅव बीन' का, 'वॉज' का नाही? नियम त्याला तिच्यापेक्षा जास्त पाठ असतो.

म्हणून माझा सल्ला: जायच्या आधी दोन महिने तुमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत तिला मदतनीस म्हणून पाठवा. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' हा फरक घरी इंग्लिश बोलणाऱ्या सात वर्षांच्या पोराला समजावून बघू दे, चीनमधल्या वर्गाची तयारी तिथेच होईल. तिचं मराठीही सुधारेल, पण हे तिला सांगू नका.

बाबांचा राग १९६२ आणि गलवानचा असेल तर मी त्यांना समजवायला जाणार नाही. एवढंच खरं की वर्गातल्या नकाशात अरुणाचल चीनमध्ये दिसेल, आणि तो वाद तिथे काढायचा नाही; तिबेट, तैवान आणि धर्मप्रचारही नाही. हे तिला पटत नसेल तर तिने जाऊ नये. आणखी एक: काही ठिकाणी 'अमेरिकन शिक्षिका' म्हटलं की गोरी मुलगीच डोळ्यांसमोर असते. शाळेला तिचा फोटो आधीच गेलाय ना, हे विचारून ठेवा.

जेवणाची फार काळजी नको. शाकाहारी असेल तर 'वो ची सू' पाठ करायचं आणि सूप मांसाच्या रश्श्याचं नाही ना, ते दरवेळी विचारायचं. हॉटेलात न राहता शाळेच्या वसतिगृहात उतरली तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद लागते, तिथे शाळेने माणूस सोबत द्यायला हवा. व्हॉट्सॲप, जीमेल तिथे बंद असतात. वीचॅट इथूनच सुरू करून घ्या.

भारतीय पासपोर्टवर, अमेरिकेच्या एफ-वन या विद्यार्थी व्हिसाने शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात: आय-ट्वेंटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजने दिलेल्या फॉर्मवर, कॉलेजची प्रवासाची सही १२ महिन्यांच्या आतली आहे का, आणि परतीच्या दिवशी अमेरिकेचा व्हिसा चालू असेल का.

संस्थेला उद्याच ईमेल लिहा, आणि तो लेकीलाच लिहू द्या: एफ व्हिसासाठी शाळेचं निमंत्रणपत्र कधी मिळेल? त्यावर "टुरिस्ट व्हिसा पुरतो" असं पुन्हा उत्तर आलं तर फी भरू नका. तिच्याच युनिव्हर्सिटीच्या परदेश कार्यक्रमांच्या ऑफिसात पुढच्या उन्हाळ्याची चौकशी करा.