एक-दीड लाखात समकालीन भारतीय चित्रांचा संग्रह सुरू करता येईल का? बाजार कसा समजून घ्यायचा, कुठे जायचं, कोणाचं काम घ्यायचं?

येईल की. फक्त लिलावाच्या बातम्यांवरून या बाजाराचा अंदाज बांधू नका. एम. एफ. हुसेन यांचं १९५४ सालचं 'ग्रामयात्रा' हे चित्र मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात वासुदेव गायतोंडे यांच्या १९७०च्या एका चित्राला ६७ कोटींहून जास्त आले. गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत आणि २००१मध्ये ते गेले, त्यामुळे बाजारात येणारी चित्रं थोडी आणि घेणारे पुष्कळ. पण हा दिवंगत चित्रकारांच्या पुनर्विक्रीचा बाजार झाला. चाळिशीतल्या चित्रकाराचा भाव गॅलरीत ठरतो आणि दर प्रदर्शनागणिक थोडाथोडा वर सरकतो. गॅलरीवाले तो उघडपणे उतरवत नाहीत. खप नसेल तर हळूच सवलत देतात. ती मागायला लाजू नका.

दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर आणि २०२३पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर भरणारं आर्ट मुंबई, दोन्ही एकदा बघाच. पण माझ्या मते तिथे खरेदी करू नये. एका दुपारी शेकडो चित्रं पाहिली की संध्याकाळी सगळ्यात भडक तेवढं लक्षात राहतं. त्यापेक्षा मुंबईत असाल तर जानेवारीतल्या गॅलरी वीकेंडला, म्हणजे गॅलऱ्यांच्या एकत्रित उपक्रमाच्या दिवसांत, कुलाबा-फोर्टच्या गॅलऱ्या पायी फिरा. काचेचं दार, आतली शांतता आणि एसी बघून बिचकायला होतं, पण आत जायला पैसे लागत नाहीत आणि किमतींची यादी मागितली तर बहुतेक ठिकाणी देतात.

जहांगीर आर्ट गॅलरीचा हिशेब निराळा. तिथे बहुतेक चित्रकार हॉल भाड्याने घेऊन आठवडाभर स्वतः बसलेला असतो, थेट बोलता येतं. दर्जा मात्र फार वरखाली. धावते घोडे, बनारसचे घाट आणि बुद्धाचे मुखवटे ओलांडून पुढे जायची तयारी ठेवा. जे. जे. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शनही चुकवू नका.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या परिसरातून आलेले प्रभाकर पाचपुते खाणकामगारांची दुनिया चारकोलने उभी करतात. अमोल पाटील यांचं काम जर्मनीतल्या कासेलला भरणाऱ्या 'डॉक्युमेंटा' या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात २०२२ला होतं. ठाण्याचे सुधीर पटवर्धन पेशाने रेडिऑलॉजिस्ट होते, शहरातली साधी माणसं त्यांच्याइतकी कोणी रंगवली नाहीत. त्यांचं तैलचित्र तुमच्या बजेटात बसणार नाही, पण अशा कोणाचीही रेखाटनं किंवा प्रिंट (मर्यादित प्रतींत छापलेली चित्रं) आहेत का, एवढं विचारायला काय हरकत आहे? प्रिंट असेल तर आवृत्ती किती प्रतींची आणि त्यातली ही कितवी, हे पेन्सिलीने लिहिलेलं तपासा.

पैसे दुप्पट होतील म्हणून मात्र घेऊ नका. २००८च्या मंदीत समकालीन चित्रांचे भाव धाडकन पडले होते, आणि अपरिचित चित्रकाराचं काम लिलाववाले घेतही नाहीत. कोणी लाखभरात एफ. एन. सूझा किंवा एस. एच. रझा अशा दिवंगत नामवंतांचा कॅनव्हास देऊ लागला तर सरळ निघून या, ते बनावट असण्याचीच शक्यता जास्त.

पक्कं बिल आणि चित्रकाराच्या सहीचं प्रमाणपत्र घ्या. कागदावरचं काम ॲसिड-फ्री माउंटमध्ये (आम्ल नसलेल्या पुठ्ठ्यात), काचेला न टेकता फ्रेम करा. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर ते लावू नका, मुंबई-कोकणच्या हवेत एका पावसाळ्यात बुरशी धरते.