'माफिया ३' या व्हिडिओ गेमची गोष्ट सगळे वाखाणतात, मग समीक्षकांनी गुण देताना हात आखडता का घेतला?

कारण गोष्ट एक नंबर आहे, पण खेळताना तेच ते करावं लागतं.

ऑक्टोबर २०१६ मध्ये हा गेम आला. १९६८ सालचं न्यू बोर्डो, म्हणजे न्यू ऑर्लिन्सवर बेतलेलं काल्पनिक शहर. व्हिएतनामहून परतलेला कृष्णवर्णीय लिंकन क्ले इटालियन माफियाचा सूड घेतो. वर्णद्वेष इथे नुसता संवादात नाही, खेळण्यातच मुरलाय, आणि समीक्षकांना भावलं ते हेच. काही दुकानांत लिंकन नुसता शिरला तरी मालक हाकलतो. थांबलात तर पोलिसांना बोलावतो. श्रीमंत गोऱ्या वस्तीत गुन्हा घडला की पोलीस लगेच हजर, गरीब कृष्णवर्णीय वस्तीत मात्र सावकाश येणार. माहितीपटासारखी मांडणी आणि साठच्या दशकातली गाणी यांचंही भरपूर कौतुक झालं.

घोडं अडलं ते मधल्या भागात. प्रत्येक विभागात तेच: धंद्याचं नुकसान करा, माणसं मारा, म्होरक्याला गाठा, पुढचा विभाग. शत्रू इतके मठ्ठ की शिट्टी वाजवली की एकेक करून मरायला येतात. त्यात बग्ज (गेममधल्या तांत्रिक चुका), आणि पीसीवर सुरुवातीला ३० एफपीएसची, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा! ती पुढे पॅचने, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटने काढली.

विक्री मात्र जोरात झाली. माझं मत विचाराल तर सेलमध्ये मिळाला तर जरूर घ्या, फक्त सलग खेळू नका, कंटाळाल.